थेट नजर

"दिसला का?" उषा मॅडमनी पुन्हा विचारलं.

"नाही," म्हणत बेबीनंदाने दुर्बिणीला डोळा आणखी घट्ट लावला.

कुंभार पिंपळगावच्या शाळेच्या मैदानावर तरुण संशोधकांचं शिबिर भरलं होतं आणि आज त्याची शेवटची संध्याकाळ होती. अचानक भडकून उठलेला आणि आता रोज थोडाथोडा विझत चाललेला एक तारा शोधायचा, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून त्याचा उजेड सांगायचा, एवढंच काम. ज्याला जमेल तोच पुढे मोठ्या वेधशाळेत जाणार. बाकीच्यांनी ते केव्हाच उरकलं होतं. संगणकावर असल्या ताऱ्यांचे आलेख काढण्यात बेबीनंदाचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि इथे आपल्याच गावात तिची पार फजिती चालली होती. लोडशेडिंग होतं म्हणून अंधार तरी होता. लाईट आली की पंचायतीचा दिवा मैदानभर पडणार आणि तारा गेलाच.



"बेबे, जल्दी कर. लाईट यायचा टाईम झालाय," मागच्या खुर्चीवरून वडील म्हणाले. पुंजाराम मास्तर याच शाळेतून निवृत्त झालेले. लेकीसाठी डबा घेऊन आले होते आणि तो तसाच मांडीवर घेऊन बसले होते.

"बाबा, तुमी गप बसा बरं!"

मॅडम जवळ आल्या. "तू रोखून बघते आहेस. अंधुक तारा रोखून पाहिला की हरवतो. अंधारात डोळ्याच्या कडेला जास्त दिसतं. जरा बाजूला बघ. नजर चुकव त्याची."

बेबीनंदाने चमकून मागे पाहिलं. समोर कुणी का असेना, नजर चुकवायची नाही, हे तिला पाढ्यांच्याही आधी शिकवलं होतं ते त्या खुर्चीवरच्या माणसाने. कारण त्याच्या बापाची मान गावातल्या बड्या लोकांपुढे जन्मभर खाली राहिली होती.

मास्तर डब्याचं झाकण उगीच दाबत राहिले.

ती पुन्हा वाकली. कडेच्या एका तांबूस ताऱ्याकडे बघायचं सोंग केलं. इतका वेळ जिथे नुसता काळोख होता, तिथे एक फिकट ठिपका हळूच उमटला. तिला आनंद झाला, आणि चोरी केल्यासारखंही वाटलं.

"दिसला! खालच्याहून मंद, डावीकडच्याच्या तोडीस तोड!"

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या.

"बाबा, या की, बघा जल्दी!"

मास्तरांनी डबा खुर्चीवर ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळा लावला. बराच वेळ गेला.

"न्हाई दिसत."

"बाबा, जरा नजर चुकवा."

"आता ह्या वयात?" मास्तर म्हणाले.

लाईट आली, तरी ते थेटच बघत राहिले.