टेबलावरची घंटी

मामाने राखपक्षी दुसऱ्यांदा उठवला, आणि भाचीचा हात घंटीपर्यंत जाऊन थांबला.

नियम नवा होता, पण आठवडाभर समोरच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लटकत होता. मेलेला पत्ता राखेतून एकदाच उठवायचा. दुसऱ्यांदा मेला की कायमचा गेला. आणि मामा म्हणजे नियम कोळून प्यायलेला माणूस. जादूच्या पत्त्यांच्या या खेळाचा कुठलाही नवा संच छापायला जाण्याआधी बावीस वर्षं त्याच्याच हाताखालून जात होता. भाचीला पाचव्या वर्षी पत्ते पिसायला त्यानेच शिकवलं, आणि या खोलीतली खुर्चीही त्यानेच मिळवून दिली.

खोलीची रीत साधी होती. चाचणीच्या डावात समोरचा चुकला की तोंडाने बोलायचं नाही, घंटी वाजवायची. मग ती चूक वहीत चढायची. घंटी न वाजता डाव संपला, तर तो खरा धरायचा आणि त्यावरून पत्ता ठेवायचा की काढायचा ते ठरवायचं. राखपक्षी पाच वाजता छापखान्यात जाणार होता. घड्याळात पावणेचार झाले होते.

तिने घंटी वाजवली नाही.

सकाळीच मामीचा फोन येऊन गेला होता. "अगं, काल यांचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला. परवा आपल्याच गल्लीत वाट चुकले. कुणाजवळ बोलू नकोस हं, पण तू तिथे असतेस, जरा लक्ष ठेव." आणि ती ऑफिसात शिरते न शिरते तोच मालकीणबाईंनी दारात गाठलं. "तुझ्या मामांची आज एक जरी चूक वहीत दिसली, तर उद्यापासून ते या खोलीत नसतील."

घरी बसून हा माणूस करणार तरी काय? पत्त्यांवाचून चार दिवससुद्धा काढायचा नाही.

"काय गं, तंद्री लागली का?" मामा म्हणाला.

"नाही रे. चल, तुझीच पाळी आहे."

मामाने गठ्ठ्यातून पत्ता ओढला. एक नाही, दोन. तेही इतक्या सहज, की तिलाच क्षणभर वाटलं, आपला नियम तर चुकत नाही ना! हात पुन्हा घंटीकडे गेला. पुन्हा मांडीवर आला.

मग मामाचा डाव पडायला लागला. शक्ती पाचच्या खाली आली, तसा त्याने गठ्ठ्याच्या तळातून एक पत्ता हळूच काढला आणि हातात खोचला. दयेचा पत्ता. हरायला आलेल्याला तो पूर्वी फुकट मिळायचा. हा नियम मागच्या वर्षी कुणी काढून टाकला? मामानेच. पार भांडून. "हरणाऱ्याची कीव केली की डावाची माती होते," असं महिनाभर तो दिसेल त्याला धरून ऐकवत होता. आता तोच माणूस तो पत्ता हातात लावत गुणगुणत होता. तिला बघवेना. ती खिडकीबाहेर बघत बसली.

पुढच्या पाळीला त्याने कहरच केला. राखेतून उठलेल्या पत्त्याने एक पाळी झोपून राहायचं असतं. मामाने दुसराच एक मेलेला पत्ता उठवला आणि उठल्या उठल्या तिच्या किल्ल्यावर सोडला. तिचा हात घंटीला टेकला, मागे आला. किल्ला पडला. डाव संपला.

"हरलीस," मामा म्हणाला. त्याने वही मिटली, चष्मा काढला आणि खो खो हसायला लागला. "आणि नुसती डावात नाही! अगं वेडाबाई, तीन चुका केल्या मी. ठरवून. पक्षी दोनदा उठवला, दोन पत्ते ओढले, झोपायचं त्याला लढायला धाडलं. तीनदा तुझा हात घंटीपाशी गेला आणि तीनदा शेपूट घालून परत आला. बाईंनी तुला दारात दम दिला ना? तोही मीच द्यायला लावला. त्यांनी विचारलं होतं, तुमच्यानंतर कोण. मी म्हटलं, भाची आहे, पण आधी परीक्षा घेतो."

तिला इतकं हायसं वाटलं की डोळेच भरून आले. मामा बरा होता! मामीचं आपलं काहीतरीच. ती डोळे पुसत हसली.

मग तिने मनात मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. हसू तोंडावर तसंच राहिलं.

"रडतेस काय? कुणाला कळणार नाही," मामा वहीतलं या डावाचं पान फाडत म्हणाला. "हा डाव रद्द. नवा मांडू. मी काय लगेच चाललोय? अजून पाच वर्षं बसतो इथे, तुला तयार करतो आणि मगच उठतो." पत्ते त्याच्या बोटांत पूर्वीसारखेच सळसळत होते. "फक्त एक शब्द दे. यापुढे माझी गय करायची नाही."

तिने घंटीकडे पाहिलं.

"दे की गं."

"दिला," ती म्हणाली, आणि तिने घंटी वाजवली.

मामाचे हात थांबले. "अगं, अजून डाव कुठे सुरू झालाय?"

"मागच्या डावाची आहे, मामा," ती म्हणाली. "चौथी. दयेचा पत्ता."