तिसरा वटवट्या

माणच्या माळावर हिवाळ्यात दोन जातींची वटवट्या पाखरं उतरत, दिसायला अगदी सारखी. आवाजावरून ती ओळखायचा एकटा मेंढपाळ तात्याबा, आणि त्या कानांपायी शेजारचा बिराप्पा त्याच्यावर जन्मभर जळत आला होता.

बहात्तरच्या दुष्काळात एका सकाळी बिराप्पाला दोन्ही आवाज अचानक वेगळे ऐकू आले. तो तात्याबाला खिजवायला धावला.

दारात तात्याबाची बायको हरणाबाई रडत होती. "सकाळधरनं ह्यास्नी कायबी ऐकू यीना."

तात्याबा मात्र ओझं उतरल्यागत हसला. "दोनी वळखलंस न्हवं? आता तिसरा बोलंल. त्यो नावानं हाक मारतो. ओ दिऊ नगंस, दिली त्येला त्यो घिऊन जातो."

घरामागच्या वाळक्या, रिकाम्या बाभळीतून बारीक, गोड आवाज आला, "तात्याबा."

बिराप्पा पुन्हा जळफळला. कान आता आपले, तरी हाक ह्यालाच?

"ओ," तो म्हणाला.