बिनविरोध

सरपंचांनी माघारीचा कागद हणमंतआप्पांपुढे सरकवला. चाळीस वर्षं गावाची निवडणूक बिनविरोध होत होती. यंदा एकट्या आप्पांचा अर्ज आडवा आला होता.

"सही करा, आप्पा. गेल्या महिन्यात वहिनींना गावानं खांदा दिला. तुम्हाला कोण देणार?"

तहसील कचेरीबाहेर उभ्या गावाकडे आप्पांना बघवेना. "माझी बायको गावच्या निवडणुकीत एकदाही मत न देता गेली," ते कसंबसं बोलले. "मला द्यायचंय."

सही न होताच तीन वाजले, माघारीची मुदत संपली. माणसं जीपमध्ये बसली. आप्पा पायरीवर टेकले.

रुमाल राहिल्याचं निमित्त करून शेजारचा म्हादू मागे आला. "चिन्ह कोणतं मिळेल तेवढं कळवा," तो खाली बघत पुटपुटला. "पण माझं नाव कुठं घेऊ नका."