काच नको

वर्षापूर्वी गेलेल्या मुलाचा मोठा फोटो छापून घ्यायला नवरा-बायको माझ्या दुकानात आले. बाईंनी कागदांच्या नमुन्यांवरून हात फिरवला आणि बिनचमकीच्या मॅट कागदावर थांबल्या. नवऱ्याने तो नमुना बाजूला सारला.

"ग्लॉसीच द्या. आणि फ्रेमला काच नको."

"अहो साहेब, भलतंच काय! ग्लॉसीवर नुसता हात लागला तरी बोटं उमटतात. त्यात काच नाही म्हटल्यावर फोटोची पार वाट लागेल."

"उमटू देत." तो शांतपणे बायकोकडे वळला. "ज्या हातातून तो पाण्यात निसटला, तो हात फोटोला लावायचा नाही, असं बजावलंय ना तुला? आता रोज कामावरून आलो, की उजेडात धरून बघेन."