कम्प्युटर कुठून घ्यायचा

छायाला कम्प्युटर घेऊन दिला, की ती डोणगावातच क्लास काढील आणि पुण्याच्या नोकरीचा नाद सोडील, असं तुळशीरामनं मनाशी धरलं होतं. म्हणून तो लेकीला घेऊन अकोल्याच्या दुकानात आला होता.

दुकानदार म्हणाला, "काका, इथून न्या, नाहीतर मुंबईहून मागवा. पण बिघडला तं डोणगावले कोणी दुरुस्तीले येणार नाही."

तुळशीरामनं छायाकडे पाहिलं. "मंग कुठून घेऊ, सांग व बाई."

ती खाली मान घालून म्हणाली, "आबा, घेऊच नका. मी पुण्याले हो म्हणून कळवलं."

तुळशीरामनं दुकानदाराकडे वळून विचारलं, "पुण्याले न्यायचा असन, तं कसा बांधून देसान?"