दहावं नाव

“आणि ह्या कोण?” दुकानं तपासायला आलेल्या सरकारी साहेबांनी वत्सलाबाईंकडे पेन रोखलं. त्या उभ्याने पितळी घागरी पुसत होत्या.

पेठेत तेव्हा आमचं भांड्यांचं दुकान नावाजलेलं होतं. वहीत नऊ नोकर होते. दहावं नाव लागलं, की आमची गणना मोठ्या दुकानांत होणार आणि सगळ्यांचे पगार सरकारी दराने वाढवावे लागणार, हे यजमानांनी मला सकाळीच बजावलं होतं. घरची माणसं मात्र मोजत नसत.

“ह्या माझ्या नणंदबाई,” मी गादीवरून म्हणाले. अकरा वर्षं आमच्याकडे राबणाऱ्या बाईंना आधी विचारायचंही मला सुचलं नव्हतं.

साहेब हसले. “नणंद उभी आणि भावजय गादीवर? आमच्या घरी असं चाललं नसतं हो!”

वत्सलाबाईच म्हणाल्या, “वहिनींचे गुडघे दुखतात, साहेब. मीच बसवते त्यांना.”

दुखत होते ते त्यांचे गुडघे. रोज संध्याकाळी त्या फळीला धरून पाय चोळत, ते मी गादीवरून बघत असे.

साहेबांनी नऊच नावं लिहिली, चहा घेतला आणि गेले. वत्सलाबाई त्यांचा कप उचलायला वाकल्या. मी घाईघाईने सरकून गादीवर जागा केली. “बसा ना जरा इथे.”

“आता कशाला, मालकीणबाई?” त्या म्हणाल्या. “साहेब गेले की.”