उरलेला दोरा

“जगाच्या मधोमध आपलं हर्णै बंदर? लोक हसतील, बाई. परत न्या हा नकाशा!” खलाशी संघाचे अध्यक्ष म्हणाले.

“हसू देत,” नकाशे रचणाऱ्या कालिंदीबाई म्हणाल्या. “गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची, तर कुठेतरी ताणावीच लागते. कुठे ताणायची, ते मी ठरवते. हर्णैपासूनची अंतरं तेवढी खरी ठेवली. इथल्या बायका हर्णैपासूनच मोजतात ना?”

नवऱ्याचं जहाज किती लांब आहे, हे बायका संघाच्या भिंतीवरच्या नकाशावर दोरा लावून बघत. त्या जुन्या नकाशात उत्तरेकडचे देश भलतेच ताणलेले होते.

नॉर्वेला गेलेल्या खलाशाची बायको जुन्या नकाशावर मोजून तोडलेला आपला दोरा घेऊन पुढे आली. नव्या नकाशाचं प्रमाणही तेच होतं. तिने हर्णैवर टोक धरून दोरा नॉर्वेपर्यंत नेला. तिसरा हिस्सा खाली लोंबकळत राहिला.

“एवढ्यावरच आहेत होय आमचे हे!”

उरलेला दोरा तिने दातांनी तोडला आणि गजऱ्यासाठी कमरेला खोचला.

कालिंदीबाईंनी नवा नकाशा भिंतीवर धरला आणि अध्यक्षांपुढे हात केला. “खिळा द्या.”